सहकर्जदार

बडकस चौकातल्या शाखेत
कूलरचं गवत नुकतंच बदललं होतं.
एप्रिलच्या दुपारी सगळे अर्ज
ओल्या वाळ्याचा वास घेऊन फडफडत होते.
साहेबांनी बोट ठेवलं :
इथं विद्यार्थिनी. इथं सहकर्जदार.
आईने पेन धरला, सुई धरते तसा,
आणि चंद्रकला मधल्या 'द्र'पाशी थांबली,
गाठ बसल्यासारखी.

"सहकर्जदार म्हंजे काय जी साहेब?"
"म्हणजे कर्ज पूर्ण तिचं. आणि पूर्ण तुमचंही."
"अन् शिक्षण?"
साहेब हसले. शिक्का उमटला.
मला वाटलं, विषय संपला.

घरी आल्यावर तिने हिशेब मांडला
तिला येतो त्या मापात.
सहा लाख चाळीस हजार.
एका साडीच्या फॉल-पिकोचे चाळीस रुपये.
म्हणजे सोळा हजार फॉल.
एकापुढे एक जोडत नेले
तर कामठी, कन्हान मागे टाकून
थेट मनसरपर्यंत पट्टी जाईल.
"अन् व्याज धरलं," ती म्हणाली,
"तं रामटेकचा गड चढते पोरी."

त्या जुलैपासून रोज रात्री,
गांधीबागेतून आणलेला गठ्ठा सोडता सोडता :
"आज काय शिकवलं? माझ्या वाट्याचं सांग."
आधी मी टाळायचे. जेवू दे, झोपू दे, परीक्षा आहे.
ती मशीनचं चाक हाताने थांबवून वाट पाहायची.
मग सांगत गेले.
गोळीवर लेप का देतात.
यकृत म्हणजे नाकं असतं,
प्रत्येक औषध तिथं थांबून जकात भरतं.
एकदा अर्धायुष्य सांगितलं :
रक्तातलं औषध ठरल्या तासांनी निम्मं होतं,
मग त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं,
कागदावर शून्य कधीच होत नाही.
तिने दोरा दाताने तोडला.
"होते तर खरं ना कमी.
आपलं बँकेतलं तं उलटंच आहे."

कागदांत एक शब्द होता, अधिस्थगन.
कोर्स संपल्यावर आणखी एक वर्ष
हप्ता नाही, व्याज मात्र चालू.
मी तिला सुट्टी म्हणून समजावलं.
ती म्हणाली, वेध लागले म्हण.

पदवीदानाला तिने माझा गाऊन
आतून उलटा करून पाहिला.
भाड्याचा होता, दोनशे रुपये.
"टाके किती मोठे घातले,"
एवढंच बोलली त्या दिवशी.
फोटोत माझ्याकडे नाही,
गाऊनच्या काठाकडे बघतेय.

आता मी धंतोलीत, दवाखान्याखालच्या
मेडिकलमध्ये उभी असते दहा तास.
पंधरा हजार. त्यातले आठ हजार नऊशे बारा
पाच तारखेला जातात.
एखाद्या महिन्यात जात नाहीत,
तेव्हा बँकेची ध्वनिमुद्रित बाई
मला नाही, आईला फोन करते.
आई तिला पूर्ण ऐकते,
मग म्हणते, हो बाई, तुझं बी बरोबर आहे,
आणि बाई मध्येच कट होते.

परवा उशिरा घरी आले तर
शेजारच्या रेवताकाकू दारात,
हातात गोळ्यांचं पाकीट.
आई मशीनवरून न उठता सांगत होती :
"हे उपाशीपोटी नको घेऊ. दुधासंगं तं नकोच,
दूध याला धरून ठेवते, रक्तात जाऊच देत नाही."
"तुले काय माहीत वो?"
"शिकलो ना."
"कुठं?"
"कामठी रोडले," आई म्हणाली.
"दोघी होतो."

मी चप्पल काढायची विसरले.

मशीनच्या फळीवर खडूचे आकडे असतात,
ती ते पुसते आणि नवे लिहिते.
काल खाली एक गावही लिहिलं होतं,
'न्ह' पुन्हा नीट जमला नव्हता.
सध्या आम्ही कन्हानच्या पुलावर आहोत.