ओलं वजन

बगाडे टेलरनं टेप गळ्यातच ठेवून विचारलं,
पिशवी कशाची? चक्क्याची?
म्हटलं, तशीच समजा. पण मोठी.
माझ्या कमरेएवढी, तळ गोल,
कापड हे पडद्याचं, बोहरी आळीत मीटरवर मिळतं ते,
पाणी जाईल, तूस राहील असं.
त्यानं कापड उजेडात धरलं, फुंकर मारून पाहिली
आणि माप घेण्याआधी एवढंच म्हणाला:
ओलं वजन किती?

घरी येऊन हिशोब केला.
पाच किलो सातू, मोड आणून वाळवलेले, भरडलेले,
आपल्या वजनाएवढं पाणी पिऊन बसणार.
दहा. धरा बारा.
बारा म्हणजे पंधरा, तो फोनवर म्हणाला,
आणि चारी बाजूंनी दप्तराची पट्टी लावली, दुहेरी टीप.
शिलाई एकशे वीस.

बाकीचं सामान असंच गोळा होत गेलं.
पातेलं मांडववाल्याचं, पोचे आलेलं,
त्याला भोक पाडून नळ मी बसवला.
पिंपरीच्या टूलरूममधली बावीस वर्षं
शेवटी या अर्ध्या इंचात कामाला आली.
तांब्याची नळी नाना पेठेतल्या फ्रिजवाल्याची,
गॅसच्या सिलिंडरभोवती गुंडाळून वेटोळं केलं.
बुडबुड्यांसाठी सलाइनची नळी.
मेडिकलवाल्यानं विचारलं, पेशंट कसाय?
होईल बरा, म्हटलं, पंधरा दिवसांत.

सदुसष्ट अंशांवर तासभर धरायचं.
शेगडी बंद, झाकण, वर दोन गोधड्या.
खालून फणसळकर काकूंची हाक आली,
सातूचं पीठ करताय का हो?
मी खोटं बोललो नाही.
हो म्हणालो.

मग पिशवी वर काढली.
पंख्याच्या हुकाला पुली, पुलीवरून दोर,
आणि दोराच्या टोकाला बगाडेचं काम,
गळत, हळूहळू फिरत,
एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
मापाला उभं केलेलं लहान मूल जसं.
एक टाका उसवला नाही.

पुढे सगळं चुकलं.
गुरुवार होता, विसरलो. नळाला पाणी नाही,
तांब्याचं वेटोळं कोरडं,
हॉप्सचा कडू वास जिन्यापर्यंत,
आणि मी स्कूटरवर, पायांत बर्फाची लादी,
गणेश पेठेतल्या मासळीवाल्याकडची.
पातेलं मोरीत, बर्फात. रात्री दहाला वीस अंश.
पिंपात ओतलं, यीस्ट सोडलं,
ओला पंचा गुंडाळला.
दर दोन तासांनी उठून पुन्हा भिजवला.

रविवारी बगाडे आला. पैसे केव्हाच दिले होते,
पिशवी बघायला आला.
उलटी करून शिवणीवर नख फिरवलं.
मी घेत नाही, आधीच सांगितलं.
मग मोरीत उकिडवा बसला,
पंचा सारून पिंपाला कान लावला.
बुडूक.
चार सेकंद.
बुडूक.
बराच वेळ बसला तसाच.
चालू आहे, म्हणाला,
पायमशीन दुसऱ्या कुणीतरी चालवावी
आणि आपण नुसतं ऐकावं, तसा.

बाटल्या उघडल्या तेव्हा चव जरा पातळ,
आणि मागे कुठेतरी बोंबलाचा संशय.
पुढच्या खेपेला काय काय बदलायचं
ते पातेल्यावर खडूनं लिहून ठेवलंय.
वार. पाणी. बर्फ. भरड अजून बारीक.

पिशवी तीच.