अर्धा मणी

ऑर्ता बंदरावर वारा सुटला की
माझ्या दुकानाची काच थरथरते.
अशा दिवशी मी भिंग हातात घेत नाही.
पण इल्देबेर्ता आली, ओल्या रुमालातून
तिनं एक जुना रुपेरी पेसो काढला.
राजाच्या मानेवर ठोकलेला छोटा मुकुट,
त्याखाली जी आणि पी.
"खरा आहे ना? आजोबा देवमाशांच्या बोटीवर होते."

ठशाचा खरेपणा आधी नाण्याच्या पाठीवर शोधावा.
पुढून घाव बसला की मागचं अंग दबतं.
दबलं होतं, थोडं.
वाजवलं. खणखणीत.
खाचेतला काळिमा दातकोरण्यानं निघेना,
म्हणजे गंधकानं काल-परवा चढवलेला नव्हे.
बरं.
मग मुकुट. डावीकडून दुसरा मणी
अर्धाच.

हा अर्धा मणी मला पाठ आहे.
माझ्या खणात, तेलकट फडक्यात,
पणजोबांचा एक पोलादी ठसा आहे.
त्याच्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे.
त्या साली बिनछापाचं नाणं वाणी परत ढकलायचा,
आणि सरकारी हातोडा होता दुसऱ्या बेटावर,
मध्ये हा असला समुद्र.

"बोला की."

खोटा. पण त्याच वेळचा खोटा.
ह्याच्यावर कुणाच्या तरी घरी मका आला असेल,
आणि देणाऱ्यानं नाणं वाजवूनच घेतलं असेल.

हे मी तिला अर्धंच सांगितलं.
वहीत लिहिलं : ठसा स्थानिक, हात ओळखीचा.
किमतीची जागा अजून कोरी आहे.