अकरा नंबर

मिरजेत तेव्हा आठला लाइट जायची
आणि दस्तगीरचाचांचा कॉम्प्युटर उठायलाच
एक अख्खा चहा लागायचा,
म्हणून मी पावणेसातलाच पोचले.
पर्समध्ये स्टार स्क्रू-ड्रायव्हर, तोंडात बडीशेप.

डबा साखर कारखान्याच्या लिलावातला.
कडेला अजून स्टिकर : ऊस विभाग, टेबल ४.
साउंड कार्ड चाचांनी स्वतः बसवलेलं,
कारण सतार गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी
तिची जवारी ते भरून ठेवत.
फाइलींची नावं अशी :
धारवाड, जरा बंद.
नाशिकच्या बाई, खुली.
परत आलेली, भोपळा तडकलेला, तरी गोड.

पुतण्यानं, अल्ताफनं, सांगलीहून साडेतीनशेचं नेटवर्क कार्ड आणलं.
केबलवाल्यानं गच्चीवरून वायर सोडली.
वायर आली आणि सतारी मुक्या झाल्या.
कार्ड काढलं, सतारी बोलल्या, वायर मेली.

पडद्यावर दोन नावांपुढे पिवळे ठिपके,
पोटात उद्गारचिन्ह.
दोघांनी एकच नंबर धरलेला : अकरा.

मी चाचांना सांगितलं,
आत ऐकणारा एकच आहे.
ज्याला काही सांगायचंय
त्यानं आपल्या नंबरची घंटी वाजवायची.
इथं दोघांची घंटी एक.
वाजली की तो विचारतो, कोण?
आणि दोघंही गप्प.

चाचा हसले.
‘एका म्यानात दोन तलवारी! आम्हाला सांगतेस, मगदुमांच्या पोरी?
शिकलगार आम्ही.
आज्याचा आजा धारच लावायचा.
मग तलवारी गेल्या, आम्ही तारांकडं आलो.’

कार्ड शेजारच्या खाचेत हलवलं. चालू केलं. चहा.
अकराच.
त्याच्याही शेजारी. अर्धा चहा.
घर बदललं, आडनाव तेच.

साडेसात झाले.
मग विंडोज उठायच्या आधीच बटण दाबून
त्या निळ्या पानात शिरले,
जिथं मशीनचा सातबारा असतो,
कुठला नंबर कुणाच्या नावावर.
तीन नंबर : मागचं दुसरं पोर्ट.

‘चाचा, ह्यात कधी काही लावलं होतं?’
ते वाकले, फडक्यानं पुसलं.
नऊ टाचण्या, त्यांच्यात लाकडाचा भुसा.
‘नाही गं. मला वाटलं, शोभेचं असेल.’

कारखान्यात असल्यापासून
ते दार नंबर धरून बसलेलं,
कुणी येईल म्हणून.
मी ते बंद केलं.
एन्टर मारायच्या आधी
बोट उगाचच थांबलं जरा.

सात चोपन्न.
साउंड अकरा, नेटवर्क तीन.
चार हाका पाठवल्या, चारही परत आल्या.
‘आता वाजव,’ चाचा म्हणाले,
आणि अल्ताफनं ती परत आलेली लावली.

स्पीकर घरघरत होते. चाचांना त्याचं काही नव्हतं.
ते तारेचा ठोका ऐकतच नव्हते,
ठोक्यानंतर उरतं ते ऐकत होते.
‘खर्ज उतरलाय,’ ते म्हणाले,
चार वर्षांपूर्वीच्या सतारीला,
आणि त्यांचा हात हवेत
खुंटी शोधत गेला.

लाइट गेली.

अंधारात अल्ताफ :
‘गेलं का सगळं?’
नाही रे. आत शर्टाच्या बटणाएवढा एक सेल असतो,
तो लक्षात ठेवतो.
‘किती दिवस?’
असेल तीन-चार वर्षं.

मेणबत्तीत डबा बंद केला
तर एक स्क्रू उरला.
सगळी भोकं मोजली, सगळी भरलेली.
चाचांनी तो घेतला,
हाडाच्या घोड्यांच्या पत्र्याच्या डबीत टाकला.
‘लागेल कुठल्यातरी सतारीला.’

सतारीला स्क्रू लागत नाही.
मला माहीत होतं.
त्यांना तर होतंच.