छाणी जकात नाका

रिक्षावाले अजून तसंच ओरडतात,
"छाणी जकात नाका, एक सवारी, चालो!"
नाका उठून इतकी वर्षं झाली,
तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे आणि उसाच्या रसाचं यंत्र,
पण नाव काही उतरत नाही त्या चौकावरून.
माझ्यावरूनही.

उपासनेत तो जुना उतारा निघाला
की जकातदार आणि पापी हे दोन शब्द
एका श्वासात, शेजारी शेजारी येत.
मागच्या बाकावरची पोरं
माझ्या रत्नप्रभेला कोपर मारत.
घरी येऊन ती विचारायची, पप्पा, दोन्ही एकच का?
मी म्हणायचो, जेव.

एका थंडीत बदली होती डभोई रोडला.
रात्री दोनला संखेड्याचा टेम्पो आला,
लाकडी सामान, तांबडा नि सोनेरी लाखेचा रंग,
ताडपत्रीखालून ओल्या रोगणाचा वास.
कागद बरोबर होते.
म्हणून तर मी ते तीनदा उलटेसुलटे पाहिले.
वालजीभाई खरादी, कानटोपी, हात जोडलेले,
खिशात परतीच्या डिझेलपुरते पैसे.
मी एक पाळणा उतरवून घेतला.
घरी आठवा महिना चालू होता.
रत्नप्रभा त्यात झोपली, नंतर आल्फ्रेड,
आणि त्याची एक कडी कुरकुरायची,
कितीही तेल द्या.

जकात रद्द झाली त्या सकाळी
साहेबांनी कागद वाचून दाखवला, आडवा बांबू वर गेला
नि वरच राहिला.
तरी ट्रक थांबत होते!
एक सरदारजी खिडकीतून
पावती आणि तिच्यात घडी घातलेली नोट
बाहेर धरून बसलेला.
जा, म्हटलं. काही नाही लागत. जा.
त्याला वाटलं, मी भाव वाढवतोय.

गेल्या उपवासकाळात हिशेब मांडला:
पाळणा, वर व्याज, सगळ्याची चौपट.
लखोटा घेऊन एस.टी.ने संखेड्याला गेलो.
वालजीभाईंची नजर गेलेली, खरादावर नातू.
सगळं सांगितलं, गुजरातीत,
मराठीत धीर झाला नसता.
त्यांनी माझी बोटं चाचपली.
"छोकरां सूतां ने एमां?"
झोपली, म्हटलं. दोन्ही.
"तो बस. रहेवा दो."
लखोटा परत माझ्या मांडीवर. वर चहा.

बसमध्ये मी चिडलो होतो, खरं सांगतो.
आमच्यात फुकटचं पचत नाही.
शेजारून विरजण आणलं तरी आईनं
वाटी कधी रिकामी परत केली नाही,
साखरेचे चार दाणे तरी.
आणि हा म्हातारा माझी साखर घेईना.

रविवारी फतेगंजच्या चर्चमध्ये गुडघे टेकले.
लखोटा खिशातच होता, टोचत.
पाळक म्हणाले, त्यानं स्वतःला खंडणी म्हणून दिलं.
चाळीस वर्षं ऐकलेलं वाक्य,
पण खंडणी हा शब्द माझ्या धंद्यातला आहे
हे मला त्या दिवशी कळलं.
कुणीतरी रात्री दोनला नाक्यावर आलं होतं
आणि ती भरून गेलं होतं,
कागद बरोबर असून.

मग ओंजळ पुढे करायची होती.
माझा हात खिशावर.
तो काढेपर्यंत भाकर दोन माणसं पुढे गेली.
पाळक मागे आले. उभे राहिले.
घाई केली नाही.

"जकातनाकुं आव्युं, काका."
उतरलो. रस्ता मोकळा.
बांबू असायचा त्या जागी पाय आपोआप थांबले,
मी वर पाहिलं.
विजेच्या तारा, उत्तरायणातला एक फाटका पतंग,
आणि त्याच्या वर काहीच आडवं नाही.

मागून एका ट्रकनं हॉर्न दिला.
मी रस्ता ओलांडला.