नळीवर हात

रोझलीन फर्नांडिस पिकअप लावते उद्यमबागेतल्या माझ्या शेडच्या तोंडाशी,
बॉनेट उचलते आणि बाजूला सरकते,
दवाखान्यात पोर आणल्यागत.
"जाताना भाजी घेऊन शहाणी असते, मोनाप्पा.
येताना मासळी भरली की केरीपासून वर दम तोडते."

टर्बोचं असं असतं बघ.
धुराच्या जोरावर एक चाक फिरतं,
त्याच आसावरचं दुसरं
वारं ओढून इंजिनात कोंबतं.
कोंबलेलं वारं तापतं.
सायकलीत हवा भरताना पंपाच्या बुडाला
बोट भाजलंय की नाही कधी? तेच.
तापलं की फुगतं, जागा अडवतं,
जळायला लागतं ते त्यात कमीच.
म्हणून मधे गारवा घालायचा.
माझं काम एवढंच, बाकी नळ्या वाकवणं.

जुन्या पेपरावर दोन वस्तू मांडतो.

ही रुंद जाळी, बंपरच्या मागं बसते.
बाहेरच्या वाऱ्यानं आतलं वारं निववायचं.
हिच्यात हलणारं काही नाही, चिखल बसला तर धुवायची.
पण गाडी पळाली तरच.
ट्रकच्या मागं पहिल्या गिअरात अडकलीस
तर ही तापते, तापूनच राहते.
शिवाय नळी लांब; पाय दाबलास तरी उत्तर उशिरा,
मराठीतून दिलेल्या अर्जासारखं.

आणि ही पेटी, विटेएवढी, इंजिनाला चिकटून.
आत पाणी खेळतं.
पाण्याचं पोट मोठं, एखादा चढ निमूट गिळतं,
पण एकदा तापलं की निवायला वेळ घेतं.
पंप आला, टाकी आली, पुढं आणखी एक छोटा रेडिएटर,
क्लिपा, होज, फ्यूज,
आणि रोज सकाळी एक नजर.

शेजारचा बसवण्णी लेथ न थांबवता ओरडतो,
"गाळी छलो री!"
"शिवी कुणाला देतोय हा?" रोझलीन विचारते.
वाऱ्याला गाळी म्हणतात हे खानापूरच्या बाईला
मी काय सांगणार,
तिला हसायचं असतं एवढंच.
बसवण्णी आणखी सांगतो, कणकुंबीच्या नदीवर
तीन राज्यं भांडत्यात,
वाऱ्यावर अजून कुणी दावा लावलेला नाही.

माझा कल तरी पाण्याकडं.
घाट, वळणं, ट्रकांची रांग, भरलेली गाडी,
वारं लागणार कुठून?
"आणि बर्फ आहेच की मागं," मी म्हणतो,
"सुरमईखालचा मूठभर टाकीत सोडायचा."
"आणि इंजिनाला वास आला की गिऱ्हाईक तू आणणार?"

मापं घेतो. टेप लावतो, खडूनं खुणा करतो,
ब्रॅकेट कुठं, पंप कुठं,
वायर कुठून काढायची.
ती क्रेटवर बसून चहा पिते,
आणि मग म्हणते, सहज,
"पण पहाटे तीनला ट्रक कुठले त्या घाटात?"

तीनला?

"ट्रकवाले उठायच्या आत मी चोर्ल्यात असते.
धुकं असतं. काच वर करून बसते, एवढं गार."

खडू खिशात टाकतो.
"हे आधी सांगायचं नाही?"
"तू इंजिनाचंच विचारत होतास की."

जाळी बसवली. नळ्या चार ठिकाणी वेल्ड केल्या,
एक वेल्ड दोनदा, पहिला मनाला येईना.
ट्रायलला निघालो मच्छेपर्यंत, परत येऊन बॉनेट उघडलं.
टर्बोकडच्या नळीला हात लावता येत नव्हता.
जाळीनंतरच्या नळीवर तिनं तळवा ठेवला
आणि ठेवूनच उभी राहिली,
बोलली काही नाही,
मीही पैशाचं लगेच काढलं नाही.

पाण्याची पेटी अजून फळीवर आहे.
घाटात अडकून चढणारा कुणी येईल कधीतरी.
तोवर बसवण्णी तिच्यावर
चहाचा ग्लास ठेवतो.