प्रश्न चौदावा

फॉर्ममागे साठ रुपये, रिक्षाचे वेगळे नाहीत.
कुठल्यातरी दूरच्या विद्यापीठात जन्मलेला प्रश्न
मराठीत येईस्तोवर असा झाला:
'आपली वैयक्तिक वाढ व्हावी, असे आपणांस किती वाटते?
एक ते सात.'
त्याच्याखाली पंधरावा, 'आपण किती समाधानी आहात?'
दोन्ही आकडे तिकडे शेजारी शेजारी मांडणार आहेत.

कोपरखैरण्यात ज्ञानू शेलार, माथाडी.
वाढ? हमालीची राहिलीय बघा दोन वर्षं.
तशी नाही हो, आतली.
आतली म्हणजे मुतखडा. तोही वाढलाय.
दार लावता लावता थांबला.
'पोरीच्या इंग्रजीच्या पुस्तकातलं
रोज एक पान वाचतो, ती झोपली की.
ते कुठं लिहायचं?'
रकाना नव्हता.

नेरूळला ग्रेसीकुट्टी, एकतीस वर्षं आयसीयूत काढलेली.
माझं वाचून होण्याआधीच तिनं सातला गोल केला.
बासष्टाव्या वर्षी जर्मन शिकतेय.
जायचंय कुठं? कुठंच नाही.
'झोप लागत नाही. शब्द तरी लागू देत.'
पंधराव्यावर मात्र पेन बराच वेळ फिरलं
आणि तीनवर टेकलं.

दिवाळे गावात जनीबाय तांडेल जाळं सांधत होती.
'वाढ' ऐकताच ताडकन उठली,
'वाढीव बांधकाम नाय आमचं! नोटीस आणलीस का गो?'
कागद उलटसुलट करून दाखवला तेव्हा बसली.
'मी कशाला वाढू? खाडी भरते, ओसरते,
तिला कोन इचारतं, औंदा किती?'
मग एक लिहू? आणि समाधान?
'सातच हायत का? मंग सात लिव.
आन् बस आता. वाढते.'

तांदळाची भाकरी, सुकट, वर कच्चा कांदा.

जेवताना आठवलं,
आपण नारळ फोडत नाही, वाढवतो.
बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो.
बाबा गेले त्या दिवशी आईच्या बांगड्या
अशाच वाढल्या होत्या, डझनभर, न्हाणीच्या दगडावर.
पुढच्या वर्षी ती टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली,
पदराखाली वही लपवून.
तिला कुणी विचारलं नाही, एक ते सात.
विचारलं असतं तर
ती बहुतेक म्हणाली असती, आधी हात धू.

संध्याकाळी बेलापूरच्या बाकावर फॉर्म लावतेय.
जनीबायचा चौदावा अजून तसाच,
एकच्या डोक्यावर पेन्सिलीचं टिंब.
खोडावं, की गडद करावं?
बोटांना सुकटीचा वास.