मार्चचा तिसरा आठवडा

आम्ही सातजण. ग्रंथालयाच्या तळघरात
हीटर खोकत होता तेव्हा
चौदा पाकिटांवर तिकिटं चिकटवली.
चौदा काउंट्या, मजकूर एकच:
गेल्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात
तुमच्या अध्यक्षांच्या सरकारी खात्यावर
आलेले, गेलेले सगळे ईमेल द्यावेत.
कारण लिहिलं नाही.
कायदा कारण विचारत नाही, आर्डिस म्हणाली,
जिनं तीस वर्षं धान्याच्या कोठारावर ट्रक तोलले
आणि एका पोत्याचाही हिशेब
कधी तोंडी घेतला नाही.

मग वाट पाहणं.
तळं गोठलेलं, त्यावर मासेमारीच्या झोपड्या,
प्रत्येकीत एक माणूस एका भोकाकडे बघत बसलेला.
आमचंही तेच.

पहिला फोन आला:
नक्की काय शोधताय तुम्ही?
काही नाही, मी म्हटलं.
सापडतं का, तेवढंच बघतोय.
पलीकडे बराच वेळ कुणीतरी पेनाचं टोपण
उघडत होतं, लावत होतं.

एकीनं बाराशे चाळीस डॉलर मागितले,
शोधणाऱ्याच्या तासांचे.
एकीनं कळवलं, त्या आठवड्यात ईमेलच नाहीत.
त्याच आठवड्यात त्यांचा पूल गेला होता पुरात.
मुकाट्यानं गेला असणार.
एका वकिलानं नऊ पानं लिहिली,
त्यात 'नाही' हा शब्द कुठेच नव्हता
आणि दुसरं काहीही नव्हतं.
एकीकडून आलं जाडजूड पुडकं,
ओळीओळीवर काळे पट्टे,
दृष्ट लागू नये म्हणून जणू
प्रत्येक वाक्याला तीट लावलेली.
'प्रिय' आणि 'आपला', एवढंच उघडं.

डेलमारनं भिंतीवर नकाशा टांगला.
लाल टाचण्या संपल्या, पिवळ्याही.
हिरव्या डबीतच.

एकविसाव्या दिवशी टॅमरॅक काउंटीची कारकून
स्वतः आली, साठ मैल, बर्फातून.
आमचं छपाईयंत्र म्हातारं आहे, म्हणाली,
म्हणून उशीर.
दोनशे सहा पानं. तीन डॉलर वीस सेंट.
पावती फाडून दिली, सुटे मोजून घेतले,
कॉफीला नको म्हणाली.

वाचत बसलो.
रस्त्यावर टाकायचं मीठ संपत आलंय.
शेरीफच्या गाडीला टायर हवेत.
कुणाचं तरी कुत्रं, तिसऱ्यांदा.
आणि पान एकशे सत्तावीस,
चुकून सरकारी खात्यावरून
अध्यक्षाची बहिणीला एक ओळ:
आज आईनं मला विचारलं,
तुम्ही कुणाकडे आलात?

कुणी काही बोललं नाही.
सगळं मागितलं होतं आम्ही.
सगळं दिलं होतं त्यांनी.
उद्यापासून ही पानं वर मांडायची होती,
येईल त्यानं वाचावीत म्हणून.

आर्डिसनं पर्समधून काळा मार्कर काढला.
मी म्हटलं, आपण?
हो, आपण, ती म्हणाली.
पण समासात लिही:
कुणी खोडलं, कधी खोडलं, का खोडलं.

एका ओळीवरून मार्कर फिरवायला
इतका वेळ लागतो हे माहीत नव्हतं.
दोनदा फिरवावा लागला, खालून अक्षरं दिसत होती.
मग माझं नाव लिहिलं. तारीख लिहिली.
'का'पुढची जागा
डेलमार हिरवी टाचणी लावून
खुर्चीवरून खाली उतरला
तरी कोरीच होती.